साडेतीन मिनिटांचा भूतकाळ

भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी १९०१मध्ये गेले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग मेणाच्या जाड चकत्या, कर्णा आणि यंत्रांच्या पेट्या घेऊन कलकत्त्याला उतरला तो १९०२च्या अखेरीस. मधे जेमतेम पावणेदोन वर्षं. पण मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात या पावणेदोन वर्षांची एक भिंत उभी राहिली आहे. भिंतीच्या अलीकडे बालगंधर्व आहेत. ते आज कुणालाही मोबाइलवर ऐकता येतात, त्यांच्या एखाद्या हरकतीवर वादही घालता येतो. पलीकडे किर्लोस्कर मंडळींचे भाऊराव आहेत. शकुंतला आणि सुभद्रा म्हणून त्यांनी महाराष्ट्राला वेड लावलं, असं वाचायला मिळतं. फक्त वाचायला.

१९०२ साली भाऊराव हयात असते तरी गायस्बर्गचा कर्णा त्यांच्यापर्यंत पोचलाच असता असं नाही. त्या पहिल्या फेरीत त्याचा मुक्काम मुख्यतः कलकत्त्याला होता. मुद्दा वेगळा आहे. ‘नाट्यसंगीत’ म्हटलं की मराठी माणसाच्या कानात जो आवाज उमटतो तो भिंतीच्या अलीकडचा असतो. १८८०च्या ‘शाकुंतल’पासून सुरू झालेली पहिली वीसेक वर्षं कानाच्या हिशेबात जमाच होत नाहीत. त्या काळात गाणारे नव्हते असं कुणी म्हणत नाही. पण जे ऐकू येत नाही ते हळूहळू ‘आधीचं’ होतं, मग ‘सुरुवातीचं’ होतं आणि शेवटी पुस्तकातला एक परिच्छेद होऊन बसतं.

इतिहासाचं साधन आणि इतिहास यांचं हे नातं जुनंच आहे. कोकणातल्या शिलाहारांचं किंवा देवगिरीच्या यादवांचं राज्य वाचताना वाटतं, की हे राजे उठले की जमिनी दान करत होते. कारण साधं आहे. दान पिढ्यान्‌पिढ्या टिकावं म्हणून ते तांब्यावर किंवा दगडावर कोरलं जायचं. बाजारभाव, भाऊबंदकी आणि सासू-सुनेचं भांडण तांब्यावर कोरायला कोण जातो? वि. का. राजवाड्यांनी गावोगावच्या वाड्यांमधून मोडीचे कागद गोळा केले आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापायला घेतली, तेव्हा त्यांचं बखरींशी वाजलं ते याच कारणाने. बखर गोष्ट सांगते आणि दप्तर हिशेब मांडतं. दोन्हींतून दिसणारा भूतकाळ एकच कसा असेल?

तरी शिलालेख वाचताना हा कुणाचा तरी मजकूर आहे, एवढं भान वाचकाला असतं. ध्वनिमुद्रण हे भान घालवतं. खरखरीतून एखादा आवाज आला की वाटतं, हा माणूसच बोलतोय, इथे लबाडीला जागा नाही. ऐकलेलं खोटं कसं असेल? या विषयाची सगळी गंमत आणि सगळी अडचण इथे आहे. आवाज खोटा नसतो. पण तो एका यंत्राने, एका बाजारासाठी, एका मापात कापून घेतलेला असतो आणि ती कात्री तबकडीवर ऐकू येत नाही.

ती कात्री कशी चालायची ते जवळून पाहण्यासारखं आहे. मायक्रोफोन यायला १९२५ साल उजाडलं. तोपर्यंत वीज नाही, ध्वनिवर्धन नाही. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला एक पातळ पडदा, त्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची चकती. पडदा थरथरला की सुई मेणात चर काढायची. आवाज फार मोठा झाला की चर बिघडायचा, फार लहान झाला की उमटायचाच नाही. त्यामुळे तार सप्तकात गाणाऱ्याला मागे ओढायला आणि खाली उतरल्यावर पुन्हा कर्ण्याकडे लोटायला कधी कधी एक माणूस पाठीशी उभा असायचा. मैफलीत ज्याच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती झाली नसती असा गवई इथे मानेला धरून पुढे-मागे केला जायचा. चूक झाली की चकती फुकट.

या कर्ण्याला उंच, टोकदार, भेदक आवाज आवडायचा. खर्ज त्याला पचत नसे. तंबोऱ्याचा झंकार तर बहुधा हवेतच विरून जायचा. हार्मोनियम मात्र खणखणीत उतरायची. म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या तबकड्या ऐकून कुणाला वाटलं, की त्या काळी तंबोऱ्याला फारसं महत्त्व नव्हतं, डग्गा नावापुरता वाजायचा आणि सगळेच वरच्या पट्टीत ओरडून गायचे, तर त्याचा कान चुकलेला नसतो. त्याने गवयाऐवजी कर्णा ऐकलेला असतो.

कर्ण्यापुढे आधी कोण आलं, हेही पाहायला हवं. ८ नोव्हेंबर १९०२ला गायस्बर्गने कलकत्त्याच्या रंगभूमीवरच्या शशीमुखी आणि फणीबाला या दोन तरुण मुलींची गाणी घेतली. तीन दिवसांनी गौहर जान आली. मोठमोठे उस्ताद तेव्हा अढी धरून बसले होते. आपली विद्या पानाच्या दुकानात वाजणार, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. कोठ्यावर आणि रंगमंचावर गाणाऱ्या बायकांना हा सोवळेपणा परवडणारा नव्हता, आणि त्यांना व्यवहारही कळत होता. आग्ऱ्याच्या जोहराबाईशी कंपनीने १९०८ साली वर्षाला २५ गाणी आणि २,५०० रुपये असा करार केला. परिणामी ज्यांना घरंदाज समाज दारातून आत घेत नव्हता त्यांचा आवाज भोंग्यातून थेट दिवाणखान्यात शिरला. पुढे ‘चांगल्या घरातली’ माणसं गाऊ लागली तेव्हा त्यांच्या नावापुढे लेबलवर ‘अ‍ॅमॅच्युअर’ असं छापायची पद्धत पडली. आम्ही पोटासाठी गात नाही, हे ग्राहकाला आधीच कळलेलं बरं! संगीताच्या लिखित इतिहासात या बायका कुठेतरी तळटीपेत असतात. तबकड्यांच्या इतिहासात पहिली पानं त्यांची आहेत.

गौहर जान प्रत्येक गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायची. आज ते ऐकताना केवढा हा तोरा, असं वाटतं. तोरा असेलही. पण पुकारा व्हायचा तो कारखान्यासाठी. मेणाच्या चकत्या जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कामगाराला गौहर कोण आणि जोहरा कोण हे कसं कळणार? त्याने ऐकायचं आणि लेबल लावायचं. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तेव्हा ही यातायात थांबली. गंमत म्हणजे तबकडी बनायची ती लाखेची आणि लाख जायची हिंदुस्थानातून. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडलेली लाख युरोपात जायची, दगडाची पूड आणि काजळी मिसळून तिची तबकडी व्हायची आणि इथलंच गाणं तिच्यावर चढून इथेच विकायला यायचं. कापूस आणि मँचेस्टर यांची गोष्ट शाळेत शिकवतात, लाखेची कुणी शिकवत नाही.

आता मिनिटांकडे येऊ. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची, बारा इंचीवर चार, फार तर थोडी वर. आजचा विलंबित एकताल घेतला तर एका आवर्तनालाच पाऊण ते एक मिनिट लागतं. म्हणजे समेवर तीनदा यायचं आणि उठायचं. साहजिकच गवयांनी द्रुत चीज निवडली, तराणा निवडला, ठुमरी निवडली. घड्याळाकडे बघत बघत स्थायी, अंतरा, चार ताना आणि संपवलं. काहींनी या चिमटीतही कमाल केली. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकणाऱ्याला आपण तीन मिनिटांची वस्तू ऐकतोय याचा पत्ता लागत नाही. पण असे थोडे.

यातून एक समज रुजला. जुने गवई आटोपशीर गायचे, जलद गायचे, पाल्हाळ नंतर आला. ध्वनिमुद्रिका हाच ज्यांचा पुरावा ते हे ठामपणे सांगतात. दुसरीकडे आठवणी लिहिणाऱ्यांचे म्हातारे गवई एकेका रागात रात्र काढतात. खरं कोण? आठवणींत रात्री लांबतात हे मान्य करायलाच हवं, पण तबकडीला या भांडणात साक्षीदार म्हणून उभं करता येत नाही. तिला तीन मिनिटांपलीकडचं काही माहीतच नाही. लाँगप्ले रेकॉर्ड आली, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली आणि विलंबित ख्याल बाजारात दिसू लागला. त्याच सुमाराला खासगी मैफलींत स्पूलवर ध्वनिमुद्रण करणारे हौशी लोक निघाले. विसाव्या शतकाच्या मध्यावर ख्याल एकाएकी लांब झाल्यासारखा वाटतो, त्यात गवयांचा हात किती आणि फितीचा किती, हे कुणी अजून नीट वेगळं केलेलं नाही.

वेगाचं प्रकरण तर आणखी फसवं. ‘७८ची रेकॉर्ड’ हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण सुरुवातीच्या काळात फेऱ्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तरच असायच्या असं नाही. कुठे बहात्तर, कुठे पंचाहत्तर, कुठे ऐंशीच्या वर. समजा एखादी गायिका काळी एकमध्ये गायली आणि चकती तेव्हा बहात्तरच्या वेगाने फिरत होती. तीच तबकडी आज कुणी अठ्ठ्याहत्तरवर लावली, तर तिचा षड्ज पांढरी दोन ओलांडून काळी दोनच्या दिशेने सरकतो. आवाज बारीक होतो, तान अधिक चपळ वाटते, वयही दहा वर्षांनी कमी झाल्यासारखं भासतं. मग त्या भासावर लेख लिहिले जातात. ‘काय पट्टी होती!’ असं म्हणून कान पकडले जातात आणि एखादी शिकाऊ मुलगी त्या पट्टीत गायला जाऊन गळा बसवून घेते. तबकडीवर खरा वेग लिहिलेला नसतो. साथीच्या हार्मोनियमचा सूर, गाणाऱ्याची इतर गाणी अशा आडवाटांनी तो शोधावा लागतो. मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मंडळी असल्या कामात वर्षानुवर्षं गुंतलेली आहेत. चोर बाजारात तबकड्यांची चळत उपसणारा माणूस भूतकाळाच्या आठवणींनी हळवा झालेला असतो, असा समज आहे. प्रत्यक्षात तो लेबलच्या कडेला कोरलेले बारीक क्रमांक भिंगाने वाचत असतो.

आणि जे कर्ण्यापुढे बसलेच नाहीत त्यांचं काय? भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. बालगंधर्वांचे ते गुरू, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक. त्यांची एकही तबकडी बाजारात आली नाही. कोल्हापूरचे अल्लादिया खाँसाहेब तर १९४६पर्यंत होते. मायक्रोफोन येऊन वीस वर्षं झाली होती, मुंबईत स्टुडिओ होते, त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या निघत होत्या. खाँसाहेबांची निघाली नाही. नातवाला सांगितलेल्या त्यांच्या आठवणी आहेत. अति गायल्याने आवाज गेला आणि मग उरलेल्या आवाजातून नवी गायकी घडवली, ही गोष्ट सगळ्या जयपूर घराण्यात सांगितली जाते. म्हणजे एका घराण्याचा उगम ज्या आवाजाच्या मोडतोडीत आहे तो आवाज आपल्याकडे नाही, त्याची कथा आहे. खाँसाहेब कसे गायचे हे त्यांच्या शिष्या केसरबाई आणि मोगूबाई यांच्या गाण्यावरून ताडायचं, नातवंडांच्या चेहऱ्यावरून आजोबांचं नाक ठरवावं तसं.

माध्यम काही गाळतं, तसं काही जन्मालाही घालतं. नाटकातलं पद ‘वन्स मोअर’वर जगायचं. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. पद एकदा म्हणून सुटका नसे. प्रेक्षक परत परत मागणार आणि प्रत्येक वेळी ते वेगळ्या वाटेने जाणार. तबकडीने त्यातली एक वाट उचलली आणि ती पक्की केली. आज नाट्यगीतांच्या स्पर्धेत एखादा मुलगा बालगंधर्वांची हरकत जशीच्या तशी घेतो तेव्हा परीक्षक खूश होतात. ज्या कलेचा प्राण पुन्हा तसंच न गाण्यात होता ती कला पुन्हा तसंच गाण्याच्या कसोटीवर उतरवली जाते.

भावगीताचं उलट झालं. जी. एन. जोशी यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन तबकडीवर आणली आणि ती घराघरांत वाजली. जोशी पुढे एचएमव्हीत गेले आणि इतरांची ध्वनिमुद्रणं करू लागले. तीन-चार कडवी, एक ध्रुवपद, मधे वाद्यांचा तुकडा, असा भावगीताचा जो घाट आपल्याला अगदी सहज वाटतो तो तीन मिनिटांच्या साच्यात ओतूनच तयार झाला. ख्यालाला ही खोली कोंदट होती. भावगीताचा तर जन्मच तिथे झाला. पुढे आकाशवाणीने वेगळंच माप दिलं. १९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं ते आठवड्याला एक गाणं या बोलीवर. रामनवमी ते रामनवमी. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, म्हणून गाणी बावन्नवर न थांबता छप्पन्न झाली. रामकथेतले किती प्रसंग गाण्यात येणार याचा हिशेब कवी गदिमांच्या प्रतिभेइतकाच पंचांगानेही केला, हे ऐकून कुणी रागावू नये.

संगीताच्या बाहेर आलं की प्रश्न जास्त टोचतो. जॉर्ज ग्रियर्सनच्या भाषा पाहणीच्या निमित्ताने १९१३नंतर हिंदुस्थानातल्या कितीतरी भाषा आणि बोली तबकड्यांवर घेतल्या गेल्या. शतकापूर्वीच्या साध्या माणसांचे आवाज, म्हणजे खजिनाच. पण त्यांतले पुष्कळ जण सांगतात काय? बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट. बोलींची तुलना करता यावी म्हणून सर्वांना एकच मजकूर दिलेला. उच्चार त्यांचे, गोष्ट साहेबाची. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बर्लिनजवळ वून्सडॉर्फच्या छावणीत हिंदी कैद्यांचे आवाज असेच नोंदवले. डिसेंबर १९१६मध्ये तिथे एक पंजाबी शिपाई कर्ण्यापुढे उभा राहिला आणि ‘एक माणूस होता’ अशा सुरात स्वतःचीच गोष्ट सांगू लागला. तो माणूस हिंदुस्थानात लोणी खायचा, मग लढाईवर आला, जर्मनांनी त्याला धरलं, आता त्याला घरी जायचंय. मिनिट-दीड मिनिटाची कहाणी. भाषाशास्त्रज्ञांना त्यात पंजाबी ध्वनी हवे होते. गड्याने त्याच यंत्रात आपला अर्ज सरकवून दिला.

महाराष्ट्रात असा अर्ज जात्यावर बसून केला जायचा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांतल्या थोड्या आवाजातही आहेत. वहीत उतरवलेली ओवी चार ओळींची कविता दिसते. फितीवर तीच ओवी ऐकली की कळतं, की बाई मधेच शब्द तोडते, श्वास घेते, ओळ पुन्हा धरते. ही वळणं कवितेची नाहीत, जात्याच्या फेऱ्याची आहेत. अडचण एवढीच, की टेपरेकॉर्डर गावात पोचला तेव्हा बहुतेक ठिकाणी पिठाची गिरणी त्याच्या आधी पोचली होती. पहाटेचं दळण थांबलं होतं. बायकांनी ओव्या गायल्या त्या बऱ्याचदा आठवून, ताईंनी विचारलं म्हणून, दिवसाउजेडी. रोजच्या दळणाच्या घरघरीतून, शेजारी निजलेल्या पोराला जाग येणार नाही अशा बेताने म्हटलेली ओवी कशी असायची, ते फितीवर नाही.

पुढल्या पानांत हे सगळं तपशिलाने येईल. त्यात शिरण्याआधी एका तबकडीकडे पाहून घ्यावं. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन यानं सोडली. परग्रहावर कुणी भेटलंच तर त्याला पृथ्वी ऐकवावी म्हणून प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका बसवली. तांब्यावर कोरून काळाच्या हवाली करायचं, म्हणजे ताम्रपटच. त्यात हिंदुस्थानचं एकच गाणं आहे, गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी. ती रेकॉर्ड शोधताना निवडसमितीची दमछाक झाली. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. गाणं साडेतीन मिनिटांचं आहे. साडेतीन हा आकडा मराठी माणसाला मुहूर्तांपासून शहाण्यांपर्यंत सगळीकडे पुरतो, पण इथे तो जुन्या तबकडीच्या मापातून आला आहे. यानं उडाली ती ऑगस्ट-सप्टेंबरात. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

त्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर अक्षरं नाहीत, आकृत्या आहेत. सुई कुठे ठेवायची, ते चित्राने दाखवलं आहे. तबकडीला एक फेरा घ्यायला ३.६ सेकंद लागले पाहिजेत, हेही सांगितलं आहे. सेकंद म्हणजे काय ते परक्याला कसं कळणार, म्हणून हायड्रोजनच्या अणूतल्या एका बदलाला लागणारा काळ माप म्हणून दिला आहे. ज्याला ती सापडेल त्याच्याकडे केसरबाई त्यांच्याच पट्टीत गातील. जोहराबाईच्या लेबलवर ही सोय नव्हती.